रविवारचा अंक, २२ ऑगस्ट १९४३

२० ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या घाऊक बाजारात तांदूळ मणाला ३७ रुपये झाला. बंगाली मण साधारण ३७ किलोंचा, म्हणजे किलोला रुपया. आदल्या वर्षी ११ डिसेंबरला हाच तांदूळ मणाला १३-१४ रुपयांनी मिळत होता. ११ मार्चला बंगाल सरकारने भावावरचे नियंत्रण उठवले आणि दुसऱ्याच दिवशी भाव २१ वर होता. २१ मेपर्यंत तो ३० च्या पुढे गेला. कलकत्त्याबाहेर याहून भयंकर परिस्थिती होती. बाजारभाव ही काही गुप्त ठेवायची गोष्ट नव्हे. रोजचा भाव ज्याच्या टेबलावर येत होता, त्या सरकारी अधिकाऱ्याला बंगालमध्ये काय चालले आहे हे कळायला छायाचित्राची गरज नव्हती.

२० ऑगस्टच्या त्या भावानंतर दोनच दिवसांनी, रविवार २२ ऑगस्टच्या अंकात, 'द स्टेट्समन' या कलकत्त्याच्या इंग्रजी दैनिकाने शहराच्या फुटपाथवर पडलेल्या माणसांची छायाचित्रे छापली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी पोरे, त्यांना घेऊन बसलेल्या आया, आणि ज्यांना बसणेही जमत नव्हते अशी माणसे. पुढच्या रविवारी, २९ तारखेला, आणखी छायाचित्रे आली. 'स्टेट्समन' हे काही स्वातंत्र्यवाद्यांचे पत्र नव्हते. भांडवल इंग्रजांचे, संपादक इंग्रज, कचेरी चौरंगी चौकात आणि वाचक बराचसा साहेबी. ही छायाचित्रे झोंबली ती म्हणूनच. घरच्या माणसानेच चावडीवर तोंड उघडले होते.

तेव्हापासून एक गोष्ट सांगितली जाते. एका धीट संपादकाने छायाचित्रे छापली, जग हादरले, सरकारला लाज वाटली, मदत सुरू झाली. छायाचित्रणाने समाज कसा बदलतो हे सांगणाऱ्या प्रत्येक पुस्तकात अशी एखादी गोष्ट असतेच. ही गोष्ट खोटी नाही. पण त्या काळचे कागद तारखेवार लावून पाहिले, तर ती इतकी सरळ उरत नाही. छायाचित्र काय करू शकते आणि कुठे थांबते, याची जास्त खरी मोजदाद त्या तारखांतच सापडते.

कागद बरेच आहेत. 'स्टेट्समन'चे अंक आहेत; त्याचे संपादक इयन स्टीफन्स यांच्या 'मॉन्सून मॉर्निंग' (१९६६) या आठवणी आहेत; लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाची टिपणे आणि व्हाइसरॉय-भारतमंत्र्यांचा पत्रव्यवहार 'ट्रान्सफर ऑफ पॉवर' मालेच्या चौथ्या खंडात छापलेला आहे; लॉर्ड वेव्हेल यांची रोजनिशी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे; सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ चौकशी आयोगाचा १९४५ चा अहवाल आहे. या आयोगापुढे झालेल्या साक्षींची कथा तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या छापायच्या नाहीत, प्रती नष्ट करायच्या, असे ठरले होते. आयोगाचे एक सदस्य सर मणिलाल नानावटी यांनी आपल्याकडचा संच जपून ठेवला. तो आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'नानावटी पेपर्स' या नावाने आहे. या दुष्काळावर गेल्या काही दशकांत जे गंभीर लेखन झाले, त्याचा मोठा आधार म्हणजे एका सदस्याने न पाळलेला हा हुकूम.

२२ ऑगस्टच्या आधी इतकी शांतता का होती, हे आधी पाहायला हवे. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. जपानी बंगालच्या किनाऱ्यावर उतरले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी जिल्ह्यांतला साठा उचलला आणि हजारो होड्या ताब्यात घेतल्या किंवा मोडल्या. नद्यांच्या त्या मुलखात होडी गेली म्हणजे मासेमारी गेली, बाजार गेला आणि पलीकडच्या बेटावरचे शेतही गेले. १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. हा जिल्हा 'छोडो भारत' चळवळीत पेटलेला. सातारच्या प्रतिसरकारसारखेच तिथे वादळानंतर तामलुकचे 'जातीय सरकार' उभे राहिले. त्या सरकारचे 'विप्लवी' नावाचे गुप्त पत्रक निघत असे, आणि वादळानंतरच्या उपासमारीच्या बातम्या त्यात येत होत्या. कलकत्त्याची भारतीय मालकीची पत्रेही सेन्सॉरच्या कात्रीतून जमेल तेवढे लिहीत होती. तेव्हा 'स्टेट्समन'ने दुष्काळ शोधून काढला, असे म्हणणे त्या पत्रांवर अन्याय करणारे आहे. सरकारला जो आवाज ऐकावाच लागेल, त्या आवाजात तो पहिल्यांदा सांगितला गेला, इतकेच.

शांततेचे दुसरे कारण कायद्यात होते. १८७६-७८ चा दख्खन आणि मद्रासचा दुष्काळ लाखो माणसे घेऊन गेला, त्यानंतर १८८० च्या आयोगाच्या शिफारशींवरून 'फॅमिन कोड' तयार झाले. दुष्काळ जाहीर झाला की काम द्यायचे, शिधा द्यायचा, ही सरकारवरची जबाबदारी. रोजगार हमीची कुळकथा सांगणाऱ्या मराठी वाचकाला हे कोड नवे नाही. बंगालमध्ये १९४३ मध्ये हे कोड लागूच केले नाही. ते लागू केले असते तर त्यात ठरवून दिलेला शिधा पुरवावा लागला असता, आणि तेवढे धान्य हाती नव्हते. म्हणजे दुष्काळ होता, पण कागदावर नव्हता. ज्याची नोंदच नाही त्याची बातमी छापणे म्हणजे युद्धकाळात अफवा पसरवणे, असा सोयीचा अर्थ निघत होता.

ही कोंडी छायाचित्राने फोडली, आणि ती कशी फोडली याची हकिकत स्टीफन्स यांनी सांगितली आहे. आणीबाणीच्या नियमांनी शब्दांना वेसण घातली होती. छायाचित्रांचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला नव्हता. स्टीफन्स यांनी छायाचित्रकारांना शहरात पाठवले. आलेल्या छायाचित्रांतली पुष्कळशी छापण्यापलीकडची होती. उरलेल्यांतून निवड करून ती रविवारच्या अंकात टाकली. आठवणी घटनेनंतर २३ वर्षांनी लिहिलेल्या आहेत, आणि संपादकांच्या आठवणींत संपादक जरा उंच दिसतोच. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी: संपादक होण्यापूर्वी स्टीफन्स दिल्लीत सरकारच्या माहिती खात्यात वरिष्ठ पदावर होते. सरकार बातमी कशी वळवते हे त्यांनी खुर्चीत बसून पाहिले होते. नियमातली फट त्यांना दिसली यात नवल नाही. नवल हे की त्यांनी ती वापरली. ऑगस्टपूर्वीचे काही महिने त्यांचे पत्रही सरकारला सांभाळूनच लिहीत होते.

छपाईच्या तंत्राचाही यात वाटा आहे. १८७७ मध्ये मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांना ओळीने बसवून छायाचित्रे काढली होती. ती भयंकर आहेत, आणि काढणाऱ्याच्या थंडपणामुळे जास्तच भयंकर वाटतात. पण त्या वेळी छायाचित्र वर्तमानपत्रात थेट छापता येत नव्हते. विल्यम डिग्बी यांनी १८७८ मध्ये त्या दुष्काळावर दोन खंडांचे पुस्तक काढले, तेव्हा छायाचित्रांवरून कोरीव चित्रे करून घ्यावी लागली. कोरीव कामात हात असतो, आणि हात म्हटला की 'चित्रकाराने तिखटमीठ लावले' असे म्हणायला जागा राहते. १९४३ पर्यंत हाफटोन ब्लॉक रोजच्या दैनिकात रुळला होता. शनिवारी रस्त्यात पाहिलेले रविवारी सकाळी दारात पडत होते, आणि ते खोटे आहे असे म्हणणाऱ्याला खिडकीतून वाकून बघण्याची सोय होती.

आता पुढच्या तारखा पाहू. दुष्काळाच्या आधीपासून व्हाइसरॉय असलेल्या लिनलिथगो यांनी जुलैत लंडनकडे पाच लाख टन धान्य मागितले होते. युद्ध मंत्रिमंडळाने ४ ऑगस्टला ही मागणी फेटाळली आणि इराकमधले लाखभर टन जव व थोडाफार गहू एवढ्यावर बोळवण केली. मग २२ आणि २९ ऑगस्टची छायाचित्रे. त्यानंतर मंत्रिमंडळासमोर हा विषय पुन्हा नीट आला तो २४ सप्टेंबरला, महिन्याने. भारतमंत्री लिओपोल्ड अमेरी यांनी रोजनिशीत त्या बैठकीची नोंद केली आहे. काहीतरी करायला हवे हे चर्चिल यांनी मान्य केले, पण युद्धात उपाशी असलेले हिंदी लोक काही एकटे नाहीत, हा त्यांचा सूर कायम होता. त्या दिवशी जी जहाजे मंजूर झाली, त्यांतून मागितलेल्या धान्याचा निम्मा वाटाही येणार नव्हता. छायाचित्रांनी लंडनच्या मंत्रिमंडळाचे मन पालटले, हे दाखवणारा धागा या टिपणांत नाही. जहाजांचा हिशेब जहाजांचाच राहिला.

धागा दिसतो तो दुसरीकडे. 'स्टेट्समन' छायाचित्रे छापून गप्प बसले नाही, इथे खरी मेख आहे. सप्टेंबरभर अग्रलेख चालू होते. हे संकट पावसाने आणलेले नाही, माणसाने घडवलेले आहे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. इस्पितळात किती निराधार दाखल झाले, किती मेले, याचे आकडे छापले जात होते. गुरुवार १४ ऑक्टोबरला अमेरी यांनी पार्लमेंटात सांगितले की बंगालमध्ये आठवड्याला सुमारे हजार माणसे मरत असावीत, कदाचित जास्तही असतील. शनिवारी १६ तारखेच्या अग्रलेखात 'स्टेट्समन'ने त्यांची खिल्ली उडवली. उपलब्ध असलेली सगळी आकडेवारी यापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि एवढ्या मोठ्या खात्याच्या मंत्र्याला ती मिळू नये हे आश्चर्यच, असा त्याचा आशय होता. हे लिहायला अग्रलेखकाला बळ कुठून आले? दोन महिन्यांपूर्वीची छायाचित्रे छापून झाली होती, पत्र बंद पडले नव्हते, संपादक तुरुंगात गेला नव्हता. दुष्काळ हा विषय आता उघड झाला होता. शब्दांसाठीची वाट छायाचित्रांनी मोकळी केली आणि मग काम शब्दांनी आणि आकड्यांनी केले.

२० ऑक्टोबरला लिनलिथगो पायउतार झाले आणि वेव्हेल व्हाइसरॉय झाले. लिनलिथगो दुष्काळाच्या या सगळ्या महिन्यांत कलकत्त्याकडे फिरकले नव्हते. वेव्हेल पहिल्याच आठवड्यात तिथे गेले, रात्री रस्त्यांवरून हिंडले, मेदिनीपुरातल्या कांथीला जाऊन आले, आणि वाटपासाठी लष्कराची मदत आणली. ४ नोव्हेंबरला पार्लमेंटात भारतातल्या अन्नस्थितीवर सविस्तर चर्चा झाली. अमर्त्य सेन दुष्काळात नऊ वर्षांचे होते आणि शांतिनिकेतनमध्ये त्यांनी तो पाहिला. 'होम इन द वर्ल्ड' (२०२१) या आत्मचरित्रात त्यांनी ऑक्टोबरच्या अग्रलेखांना या बदलाचे मोठे श्रेय दिले आहे, आणि मोकळी वृत्तपत्रे असली तर दुष्काळ पडू दिला जात नाही हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धान्त याच अनुभवातून निघतो. सेन यांच्याशी माझा मतभेद थोडा आहे. लष्कराला रस्त्यावर आणणारा निर्णय एका नव्या, लष्करी शिस्तीच्या माणसाने घेतला, हेही त्याच तारखांत लिहिलेले आहे. वृत्तपत्राने दडपण आणले. दडपण जाणवेल असा माणूस खुर्चीत येईपर्यंत मात्र दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत माणसे मरतच होती.

याच यादीतली एक तारीख मात्र या गोष्टीत सहसा सांगितली जात नाही. २८ ऑक्टोबर १९४३ ला बंगाल सरकारने निराधारांना परत पाठवण्याचा आणि त्यांच्या साहाय्याचा अध्यादेश काढला. त्या महिन्यात कलकत्त्यात एक लाखाच्या आसपास भुकेले लोक होते. त्यांना गोळा करून छावण्यांत आणि मग गावाकडे न्यायचे, असा बेत. पुष्कळांना जायचे नव्हते; अन्नछत्र असले तर शहरात होते, गावात काय होते? आयांपासून मुले तुटल्याच्या तक्रारी झाल्या. दिसणाऱ्या भुकेवर सरकारने काढलेला पहिला मोठा उपाय म्हणजे भूक नजरेआड करणे. फुटपाथ रिकामे झाले तसे छायाचित्रकाराला समोर काही उरले नाही.

याच सुमारास मुंबईत काय चालले होते, हे मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे. गिरगावातल्या सँडहर्स्ट रोडवर, आताच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर, राजभुवन नावाच्या इमारतीत कम्युनिस्ट पक्षाची मध्यवर्ती कचेरी होती. जुलै १९४२ मध्ये पक्षावरची बंदी उठली आणि 'पीपल्स वॉर' हे साप्ताहिक निघू लागले. मराठीत त्याची 'लोकयुद्ध' ही आवृत्ती होती. पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी बंगालच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांनी दोघांना बरोबर घेतले: चित्रकार चित्तप्रसाद आणि पंचविशीतला सुनील जाना. जाना आसामात दिब्रुगडला जन्मलेला, कलकत्त्यात वाढलेला, छायाचित्रणाचा नाद असलेला विद्यार्थी. जोशींनी त्याच्याकडून अभ्यास सोडवला आणि त्याला पूर्णवेळ छायाचित्रकार केले. त्याची छायाचित्रे 'पीपल्स वॉर'मध्ये आली, पोस्टकार्डांवर छापून विकली गेली, आणि देशभर मदतनिधी गोळा करताना हातोहात फिरली. जाना पुढे मुंबईतच पक्षाच्या कम्यूनमध्ये राहिला. २०१२ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात तो वारला.

'स्टेट्समन'ची छायाचित्रे आणि जानाची छायाचित्रे यांत एक फरक आहे. पहिली शहरातली आहेत. भूक चालत दारापर्यंत आल्यावर काढलेली. जाना जोशींबरोबर जिल्ह्यांत गेला. रिकामी गावे, अन्नछत्रापुढे भांडे घेऊन उभ्या बायका, अनाथ झालेली पोरे, उघड्यावर पडलेली हाडे त्याने टिपली. दुष्काळाचा फार मोठा भाग कलकत्त्याबाहेर घडत होता. तो कॅमेऱ्यापुढे आला, तेवढा अशाच माणसांमुळे आला.

पण छायाचित्राखाली ओळ लागते, आणि ती ओळ कोणाची याने अर्थ ठरतो. हिटलरने रशियावर हल्ला केल्यानंतर पक्षासाठी हे 'लोकयुद्ध' झाले होते. सरकारच्या युद्धप्रयत्नांना धक्का लागेल असे लिहायचे नव्हते. त्यामुळे 'पीपल्स वॉर'मधला खलनायक बहुधा साठेबाज आणि नोकरशहा असे. लंडनचे मंत्रिमंडळ आणि होड्या मोडणारे धोरण मागच्या बाकावर. 'स्टेट्समन'च्या लेखी दोष मुख्यतः प्रांतिक मंत्रिमंडळाचा आणि दिल्लीचा. हिंदू महासभेच्या प्रचारात तो मुस्लिम लीगच्या सरकारचा. तोच हाडांचा सापळा, तीन आरोपपत्रांत तीन वेगळ्या आरोपींविरुद्ध पुरावा म्हणून उभा होता. छायाचित्र गुन्हा सिद्ध करते. गुन्हेगाराचे नाव ते सांगत नाही. ही मर्यादा ध्यानात न घेता छायाचित्रांच्या ताकदीविषयी जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे मला भाबडे वाटते.

मुंबईत मात्र या चित्रांनी एक वेगळेच काम केले. मे १९४३ मध्ये इथेच इप्टा ही नाट्यसंघटना स्थापन झाली होती. बिनय रॉय यांचे बंगाली पथक गाणी-नाच घेऊन मुंबईला आले आणि त्यांनी निधी जमवला. 'लोकयुद्ध'साठी काम करणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. गिरणगावातल्या कामगाराला कधी न पाहिलेल्या मुलखाची भूक डफ-तुणतुण्यावर कळली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४६ मध्ये 'धरती के लाल' केला. पडद्यावरच्या त्या उपाशी तांड्याच्या मागे वर्तमानपत्रांतली आणि पोस्टकार्डांवरची छायाचित्रे आहेत, हे पाहणाऱ्याला सहज ओळखू येते. लंडनमध्ये जहाज हलले नाही, पण परळच्या सभेत झोळी फिरली. समाज हलण्याच्या या दोन तऱ्हा वेगळ्या आहेत, आणि दुसरीचा हिशेब कुठल्याच मंत्रिमंडळाच्या टिपणांत सापडत नाही.

चित्तप्रसादांचे काम कॅमेऱ्याशेजारी ठेवून पाहावे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मेदिनीपुरात फिरले आणि त्या प्रवासाची रेखाटने व मजकूर 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेत मुंबईहून प्रसिद्ध झाला. काळी शाई, दाट रेघा. अनेक रेखाटनांपाशी त्यांनी माणसाचे नाव, गाव, तारीख लिहिली आहे. एका रेखाटनात कोल्ह्या-गिधाडांनी खाल्लेला माणूस आहे आणि शेजारी त्याचे नाव आहे. आपण आज जी छायाचित्रे पुन्हा पुन्हा छापतो त्यांतली माणसे बहुतेक निनावी आहेत: 'एक स्त्री', 'एक मूल'. कॅमेरा क्षणात टिपतो. चित्रकाराला बसावे लागते, आणि बसले की नाव विचारले जाते. सरकारला यातले काय जास्त खुपले, हे कृतीवरून दिसते. 'हंग्री बेंगॉल'च्या पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या गेल्या. 'स्टेट्समन'च्या अंकांना कोणी हात लावला नाही. चित्तप्रसादांच्या कुटुंबाने बँकेच्या तिजोरीत ठेवलेली एक प्रत वाचली, आणि तिच्यावरून अलीकडे पुस्तिकेची हुबेहूब आवृत्ती निघाली.

नाव-गाव विचारण्याचे काम आणखी एकाने केले, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. कलकत्ता विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ तारकचंद्र दास यांनी सप्टेंबर १९४३ मध्ये, म्हणजे छायाचित्रे छापून झाल्यावर लगेच, त्याच फुटपाथवरच्या ८२० कुटुंबांची पाहणी केली. कुठून आलात, घरी किती होते, आता किती आहेत, जमीन होती का, काय काम करत होता. पाहणी १९४९ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातून दिसते की रस्त्यावर आलेले बहुतेक लोक चोवीस परगण्यातले, आणि त्यांत शेतमजूर फार. ज्याच्याकडे विकायला फक्त मजुरी होती, तो ३७ रुपये मणाच्या बाजारात आधी मेला. छायाचित्रात भुकेला माणूस दिसतो. तो भुकेला का झाला, हे दासांच्या तक्त्यात दिसते. दोन्ही एकाच महिन्यातली, एकाच फुटपाथवरची. छायाचित्र जगभर गेले, तक्ता ग्रंथालयात राहिला.

आणि मग १९४४. चौकशी आयोगाच्या अहवालाप्रमाणे मृत्यूंचा कळस डिसेंबर १९४३ मध्ये झाला. म्हणजे सैन्य आल्यानंतर, पार्लमेंटातली चर्चा झाल्यानंतर, अमन भाताचे भरघोस पीक कापायला आल्यावर. हिवताप, पटकी आणि देवी यांनी खंगलेल्या शरीरांचा फडशा पाडला. 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' (१९८१) मधल्या सेन यांच्या हिशेबात या दुष्काळाने घेतलेल्या बळींपैकी निम्म्याहून अधिक १९४३ साल संपल्यावर मेले. यांची छायाचित्रे जवळजवळ नाहीत. हिवतापाने मरणारा माणूस पांघरूण घेऊन झोपलेल्या माणसासारखा दिसतो. त्यात छापण्यासारखे काही नसते. भाताची शेते पिवळी झाली होती, बातमी संपली होती. अर्ध्याहून अधिक दुष्काळ कॅमेऱ्याच्या पाठीमागे घडला, आणि आपल्या डोक्यातला १९४३ चा दुष्काळ मात्र ऑगस्टच्या फुटपाथवरचाच राहिला. छायाचित्राने आपल्याला एवढे ठसठशीत दाखवले की उरलेले शोधायची गरज वाटेनाशी झाली, हा त्याचा दोष मानायचा की आपला?

किती मेले, याबद्दल आयोगाने सुमारे १५ लाख म्हटले. सेन यांनी सुमारे ३० लाख. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये पुढे अध्यापन केलेले लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासक अरूप महारत्न यांनी 'द डेमोग्राफी ऑफ फॅमिन्स' (१९९६) मध्ये १८ ते २४ लाख असा अंदाज मांडला. लाखालाखांचा हा फरक नोंदी नीट नसल्यामुळे आहे. मृत्यूची नोंद ठेवणारा गावचा चौकीदार, तोही दुष्काळात मरत होता किंवा गाव सोडून गेला होता.

'स्टेट्समन'ने पुढे आपले अग्रलेख आणि छायाचित्रे एकत्र करून पुस्तिका काढली, म्हणून ती सहज मिळतात. मुंबईच्या बाजूचा पुरावा तसा राहिलेला नाही. 'लोकयुद्ध'चे अंक, जानाच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे, बंगाल मदतनिधीच्या पावत्या आणि सभांची हस्तपत्रके गिरगावात, परळ-लालबागेत, पुण्या-सोलापुरात, जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी ट्रंकेत असण्याचा संभव मोठा आहे. ती माणसे आता बहुतेक गेली. घरे पुनर्विकासाला निघाली आहेत, आणि ट्रंक आधी रद्दीवाल्याकडे जाते. असा एखादा गठ्ठा घरात असेल तर तो सोडून पाहा, कागदावरच्या तारखा टिपा, आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या एखाद्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या संग्रहात पावती घेऊन द्या. छायाचित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते खोडू नका.